साडेपस्तीस गुंठ्यांचं शून्य: फ्रीबेसिक, सिंगल-डबल आणि वेगाचं लफडं

मलप्रभा_काठ | सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. वाचतोय बरेच दिवस, लिहायची ही पहिलीच वेळ. चुकलं तर सांभाळून घ्या.

माझे मामा खानापूर तालुक्यात खासगी मोजणीची कामं करायचे. साखळी, टेप आणि गळ्यात पिशवी, तो जमाना. त्यांनी क्विकबेसिक ४.५ मध्ये, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या जुन्या बेसिकमध्ये, एक प्रोग्राम लिहून ठेवला होता. खुंट्यांचे एक्स-वाय द्यायचे, की शेताचं क्षेत्रफळ एकर-गुंठ्यात बाहेर. पहिली खुंटी नेहमी ०, ०. बाकीच्या तिथून मोजायच्या. शेजारच्या चार गावांत त्या कागदावर भांडणं मिटली आहेत, काही पेटलीही आहेत.

आता धंदा मी बघतो. प्रोग्राम तोच, फक्त फ्रीबेसिक या आजच्या कंपायलरमध्ये "-लँग क्यूबी" (म्हणजे जुन्या क्विकबेसिकसारखं वाग) लावून चालवतो. एकही ओळ बदलली नाही. खुंट्या मात्र आता जीपीएस रोव्हरमधून येतात, म्हणजे यूटीएम या नकाशा-पद्धतीच्या विभाग ४३ चे मीटर, उत्तरेचा आकडा थेट विषुववृत्तापासून मोजलेला. जुन्या ३२ बिटी लॅपटॉपवर दोन वर्षं सुरळीत चाललं. गेल्या आठवड्यात नवा लॅपटॉप घेतला, ६४ बिटी फ्रीबेसिक टाकलं, आणि हे बघा. कुणाचं शेत चव्हाट्यावर नको म्हणून आकडे गोल केलेत:

खुंटी १: पूर्व ४४६१००, उत्तर १७५३२००
खुंटी २: पूर्व ४४६१६०, उत्तर १७५३२००
खुंटी ३: पूर्व ४४६१६०, उत्तर १७५३२६०
खुंटी ४: पूर्व ४४६१००, उत्तर १७५३२६०

साठ बाय साठ मीटरचा सरळ चौकोन. ३६०० चौरस मीटर, आपल्या भाषेत साडेपस्तीस गुंठे. जुना लॅपटॉप ३६०० सांगतो. नवा सांगतो ०.

पुढं गंमत. तिसरी खुंटी दोन मीटर उत्तरेला सरकवली, म्हणजे १७५३२६२ केली. खरं उत्तर ३६६० यायला पाहिजे. नव्यावर आलं ३२७६८. आठ एकराच्या वर!

मामांना दाखवलं. ते म्हणाले, "बांध कोरणारी माणसं बघितली होती, मशीन पहिल्यांदा बघूलालोय."

प्रोग्राममधले आकडे सिंगल आहेत, म्हणजे प्रत्येकाला ३२ बिटांची जागा. सगळीकडं डबल, म्हणजे ६४ बिटांची जागा, केलं की सुटेल असं वाटतं. पण ड्रोननं मोजलेल्या जमिनीच्या उंच्यांचे लाखो बिंदूही याच प्रोग्रामच्या भावंडातून जातात. डबलनं ते निम्म्या वेगानं चालेल काय? आणि मुळात ३२ बिटी लॅपटॉपवर बरोबर कसं येत होतं?

---

कुंदा_प्रेमी | सोमवार, रात्री ९.५२

दोन मीटर खुंटी सरकवून आठ एकर? पत्ता द्या, मी उद्या सकाळी खुंटी घेऊन येतो.

---

लेथवाला_उद्यमबाग | सोमवार, रात्री १०.१५

डबल करा आणि झोपा. पण वेग निम्मा होणार हे पक्कं. ३२ बिट विरुद्ध ६४ बिट, दुप्पट माल उचलायचा तर दुप्पट वेळ लागणारच की.

आमच्या शॉपमध्ये मी बेसिकमधून सीएनसी यंत्राला द्यायच्या हुकमांच्या ओळी काढतो. तिथं सगळं सिंगल. मिलिमीटरचे तीन दशांश पुरतात, आजवर काही अडलं नाही.

---

चंदगडी_काजू | सोमवार, रात्री ११.०५

लेथवाले दादा, "काही अडलं नाही" याकडं नंतर येतो, त्यात मला शंका आहे.

आधी शून्याचं बघू. सिंगलमध्ये अपूर्णांकाचा गाभा २४ बिटांचा असतो, म्हणजे दशमान सात आकडे, त्याच्या वर भरवसा नाही. १,६७,७७,२१६ पर्यंत पूर्णांक तंतोतंत बसतात. त्यात १ मिळवला तर उत्तर तेच राहतं, कारण पुढच्या आकड्याला जागाच नाही.

आता क्षेत्रफळाचं सूत्र बघा. प्रत्येक बाजूसाठी एक्स(आय) गुणिले वाय(आय+१), वजा एक्स(आय+१) गुणिले वाय(आय). सगळ्याची बेरीज, भागिले दोन. मामांच्या काळात एक्स-वाय शंभर-दोनशे मीटरचे होते, गुणाकार हजारांत यायचा. मलप्रभांच्या खुंट्यांत गुणाकार येतो ७८,२१०,२५,२०,००० च्या आसपास... थांबा, स्वल्पविराम चुकला. ७,८२,१०,२५,२०,०००. अठ्ठ्याहत्तर हजार दोनशे कोटी. एवढ्या मोठ्या आकड्याला सिंगलमध्ये शेजारचा आकडा किती लांब असतो? ६५,५३६. मधलं काही लिहिताच येत नाही.

म्हणजे टेपवर एकच खूण, तीही ६५,५३६ चौरस मीटरवर. सोळा एकराची एक खूण! त्या टेपनं तुम्ही साडेपस्तीस गुंठे मोजायला निघालात.

मी वहीवर करून बघितलं. ६५,५३६ च्या खुणांत मोजले तर चार बाजूंचे फरक येतात: उणे १६०५, अधिक ४०९, अधिक १६०५, उणे ४०९. बेरीज शून्य. म्हणून शून्य. खुंटी सरकवल्यावर दुसरा ४२३ होतो आणि तिसरा १५९२. बेरीज १. एक खूण, ६५,५३६, भागिले दोन, ३२,७६८. कुंदावाल्यांचे आठ एकर तिथून आले.

---

मलप्रभा_काठ | सोमवार, रात्री ११.२०

वहीवर! हात जोडले. पण मग ३२ बिटात ३६०० कसे?

---

निपाणी_आज्जा | मंगळवार, पहाटे ५.३०

हा प्रश्न माझ्यासाठी ठेवल्याबद्दल आभार. आम्ही म्हातारी माणसं पहाटे उठतो आणि ८०८७ च्या आठवणी काढतो.

१९८० मध्ये इंटेलनं ८०८७ हा गणिताचा जोडचिप काढला. त्याच्या आराखड्यात विल्यम कहान यांचा सल्ला होता. हेच गृहस्थ पुढं १९८५ च्या आयईईई ७५४ मानकामागंही होते (मशीननं अपूर्णांक कसे ठेवायचे त्याचे नियम), आणि संगणकशास्त्रातला १९८९ चा ट्युरिंग पुरस्कार त्यांना अशाच आकडेमोडीच्या कामासाठी मिळाला. त्या चिपच्या आत हिशेबाच्या आठ जागा, प्रत्येक ८० बिटांची. गाभा ६४ बिटांचा. तुम्ही सिंगल द्या, डबल द्या, आत गेलं की ते ८० बिटांचं होतं. बाहेर चलात ठेवताना मात्र पुन्हा कापून छोटं होतं.

मुला, तुझा ३२ बिटी फ्रीबेसिक हाच जुना एक्स८७, म्हणजे ८०८७ चंच घराणं, वापरतो. दोन सिंगलचा गुणाकार जास्तीत जास्त ४८ बिटांचा. ६४ बिटांत तो एक कणही न सांडता मावतो. दोन्ही गुणाकार आतच झाले, वजाबाकी आतच झाली, आणि मग लहान झालेला फरक बाहेर आला. ६४ बिटी फ्रीबेसिक सहसा काम जीसीसी या दुसऱ्या कंपायलरकडं सोपवतो, तिथं एसएसई२, म्हणजे प्रोसेसरमधली नवी गणितपद्धत, चालतं. तिथं सिंगल गुणिले सिंगल म्हणजे सिंगलच. वजाबाकी व्हायच्या आधीच धान्य सांडलेलं.

थोडक्यात, तुझ्या मामांच्या चुलीवर तुझं दूध उतू गेलं नाही ते भांडं खोल होतं म्हणून. तुला वाटलं जाळ बरोबर आहे.

आणि आता जरा वाईट बातमी. ती दोन वर्षांची कामंही परत बघ. गुणाकार आत सांभाळला गेला, पण खुंटीच मुळात सिंगलमध्ये वाचली जाते. उत्तरेचा १७ लाख ५३ हजारांचा आकडा सिंगलमध्ये १२.५ सेंटिमीटरच्या पायरीनं बसतो. पूर्वेचा साधारण ३ सेंटिमीटरच्या. तुझा रोव्हर सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर सांगतोय आणि तू तो वीतभर पायरीवर ठेवतोयस. तू इथं गोल आकडे दिलेस म्हणून ३६०० नेमकं आलं. खऱ्या शेतात तसं नसतं.

---

मलप्रभा_काठ | मंगळवार, सकाळी ७.१०

आज्जा, वीतभर पायरी वाचून चहा थंड झाला. आमच्याकडं वीतभर बांधावरून हुबळीच्या वकिलापर्यंत गेलेली माणसं आहेत.

---

लेथवाला_उद्यमबाग | मंगळवार, दुपारी १.१५

जेवणाच्या सुट्टीत लिहूलालोय. आज्जांना नमस्कार. म्हणजे माझंच खरं की, सगळं डबल करायचं. फक्त वेग जातो एवढंच.

---

चंदगडी_काजू | मंगळवार, दुपारी २.४०

नाही दादा. दोन्हीतलं काहीच तितकं खरं नाही.

वेगाचं आधी. एक्स८७ मध्ये आज्जांनी सांगितलं तसं आत सगळं ८० बिटीच. बेरीज-गुणाकाराला सिंगल असो वा डबल, वेळ सारखाच. एसएसई२ मध्ये एकेक आकडा चालवत असाल तरी बेरीज-गुणाकार जवळपास सारखेच. भागाकार आणि वर्गमूळ डबलमध्ये थोडे जड, तेवढंच.

फरक पडतो दोन ठिकाणी. एक, कंपायलरनं आकडे गठ्ठ्यानं चालवले तर. प्रोसेसरच्या आतल्या १२८ बिटांच्या एका रजिस्टरात (हिशेबाच्या जागेत) सिंगल चार बसतात, डबल दोन. दुसरं, मेमरी. दहा लाख उंच्या सिंगलमध्ये ४० लाख बाइट, डबलमध्ये ८० लाख. प्रोसेसर मोकळा आणि मेमरीची वाट बघत बसलेला, अशी वेळ आली तर तिथं खरंच दुप्पट लागतो. म्हणून ड्रोनच्या उंच्या ठेवायला सिंगल चालेल. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास, त्या आकड्याला सिंगलची पायरी मिलिमीटरच्याही आत असते. ठेवा सिंगलमध्ये, बेरीज करा डबलमध्ये. चाळीस खुंट्यांच्या शेतासाठी वेगाचा विचार करणं म्हणजे मांडे करायला बसल्यावर पिठाचे कण मोजणं.

खरा वेळ कुठं जातो सांगू? "-लँग क्यूबी" मध्ये चल जाहीर केला नाही तर तो सिंगल होतो. म्हणजे फेऱ्या मोजणाऱ्या फॉर आय चा आय सुद्धा सिंगल. रांगेतला क्रमांक काढायला दर फेरीला अपूर्णांकाचा पूर्णांक करायचा. वर "डेफइंट ए-झेड" लिहा (प्रकार न सांगितलेले सगळे चल पूर्णांक होतात), किंवा मोजणीच्या चलाला पूर्णांकाची % ही खूण लावा, लाखांत मोजायचं तर &. जुन्या माणसांना हे पाठ असतं. दुसरं, एक्स^२ लिहू नका, एक्स*एक्स लिहा. घात काढायला बऱ्याच वेळा आख्खं फंक्शन बोलावलं जातं. आणि दर फेरीला १० नं भागत असाल तर आधी ०.१ काढून ठेवून गुणलेलं वेगवान, पण शेवटच्या आकड्यात फरक पडू शकतो, कारण ०.१ द्विमानात कधीच पुरा लिहिता येत नाही.

---

निपाणी_आज्जा | मंगळवार, संध्याकाळी ६.००

०.१ वरून आठवलं. माझ्या विद्यार्थ्यांना मी पहिल्या तासाला हेच दाखवायचो. क्विकबेसिकमध्ये लिहा: ए# = .१, आणि छापा. ए# डबल आहे, तरी छापून येतं .१०००००००१४९०११६१. पोरं म्हणायची मशीन खराब.

मशीन खराब नाही. उजवीकडचा .१ सात आकड्यांच्या आत आहे, म्हणून क्विकबेसिक त्याला सिंगल समजतो. आधी सिंगलमध्ये सांडतो, मग डबलच्या मोठ्या भांड्यात ओततो. सांडलेलं परत येत नाही. .१# लिहिलं की बरोबर. "सगळं डबल केलं" म्हणणाऱ्यांनी उजवीकडचे आकडेही बघावेत.

---

जमाखर्च | मंगळवार, रात्री ८.३०

पतसंस्थेचा हिशेबनीस बोलतोय. आकडे माझे, भाषा तुमची, म्हणून मध्ये तोंड घालतो.

एक करून बघा. दहा पैसे, दहा लाख वेळा जमा. एक लाख रुपये व्हायला हवेत. सिंगलमध्ये मी केले तर १,००,९५८ रुपये ३४ पैसे आले. ९५८ रुपये कुठून आले हे ऑडिटरला सांगता येणार नाही. डबलमध्ये १,००,०००.०००००१३३. ते चालतं, पण "बरोबर आहे का" विचारलं तर मी हो म्हणणार नाही.

आमच्याकडं नियम आहे: पैसे अपूर्णांकात ठेवायचेच नाहीत. पैशात ठेवायचे, पूर्णांकात. पॉवरबेसिक आणि व्हिज्युअल बेसिकमध्ये त्यासाठी @ चा करन्सी प्रकार होता. आत ६४ बिटी पूर्णांक, दहा हजारानं गुणलेला, चार दशांश पक्के. फ्रीबेसिकमध्ये तो तयार मिळत नाही, लाँगइंटमध्ये (६४ बिटी पूर्णांकात) पैसे ठेवायचे आणि छापताना शंभरानं भागायचे.

आणि कापणं म्हणजे राउंड करणं नव्हे, हेही सांगून ठेवतो. १९८२ मध्ये व्हँकुव्हर शेअर बाजारानं निर्देशांक १००० वर सुरू केला. दर उलाढालीनंतर नवा आकडा तीन दशांशांवर कापायचे, राउंड करायचे नाहीत. बाजार बरा चालला होता आणि निर्देशांक घसरत घसरत १९८३ च्या नोव्हेंबरात सव्वापाचशेच्या आसपास. हिशेब परत केला तेव्हा खरा आकडा १०९८.८९२ निघाला. इतके दिवस बाजार रोज थोडं थोडं नुकसान छापत होता, जे कुणाचंच झालं नव्हतं.

---

कुंदा_प्रेमी | मंगळवार, रात्री ८.४५

म्हणजे सिंगलमध्ये खातं उघडलं तर व्याजाशिवाय ९५८ रुपये. जमाखर्च साहेब, शाखा कुठं?

---

लेथवाला_उद्यमबाग | मंगळवार, रात्री १०.२०

चंदगडी, "काही अडलं नाही" वर तुम्ही शंका घेतली होती ना? आज दुपारपासून ते डोक्यात बसलं. संध्याकाळी जुना एक जॉब काढला.

एका बुशचा टेपर, खोली ० ते १ मिलिमीटर, ०.१ च्या पासनं (कापणीच्या एकेक फेरीनं). फॉर झेड = ० टू १ स्टेप .१. गेल्या पावसाळ्यात त्या बॅचमधले बरेच पीस गिऱ्हाइकानं परत पाठवले होते, खोली कमी म्हणून. आम्ही टूल बदललं, इन्सर्टला शिव्या घातल्या, ऑपरेटरलाही घातल्या. आज ओळी मोजल्या. पास अकरा पाहिजेत, दहाच निघालेत. शेवटचा १.० चा पासच नाही.

डबल केलं तर अकरा निघाले. म्हणजे डबलच बरं ना?

---

चंदगडी_काजू | मंगळवार, रात्री ११.१०

दादा, आधी ऑपरेटरची माफी मागा.

सिंगलमध्ये ०.१ दहा वेळा मिळवला की १.००००००१ होतं. ते १ पेक्षा मोठं, म्हणून लूप थांबलं. डबलमध्ये तीच बेरीज ०.९९९९९९९९९९९९९९९९ होते. ती १ पेक्षा लहान, म्हणून अकरावी फेरी झाली. दोन्ही चुकले आहेत. फक्त डबल तुमच्या बाजूनं चुकला. उद्या ०.१ ऐवजी दुसरी पायरी घेतली तर तो विरुद्ध बाजूनं चुकेल.

फॉर के% = ० टू १०, आणि आत झेड = के% / १०. मोजणी पूर्णांकात, अपूर्णांक दर फेरीला नव्यानं. चूक साठायला जागाच उरत नाही.

मलप्रभांच्या बाबतीतही तेच. डबलमध्ये ५३ बिटांचा गाभा. ७८ हजार कोटींच्या गुणाकाराला पायरी ०.०००१२ चौरस मीटर. एका शेताला भरपूर. पण पंधरा-सोळा आकडे घेऊन त्यातले सात-आठ "आपण बेळगावात आहोत" एवढंच सांगण्यात घालवायचे कशाला? मामांची पद्धत परत आणा. पहिली खुंटी सगळ्यांतून वजा करा. ती ०, ० होते, दुसरी ६०, ०. मग गुणाकार साडेतीन हजारांत राहतो. वाचताना मात्र डबलमध्येच वाचा, नाहीतर वजाबाकीच्या आधीच आज्जांची वीतभर पायरी लागते.

मामा साखळीनं हेच करत होते. प्रोग्राम चुकीचा नव्हता, तो पहिल्या खुंटीवर उभा होता. तुम्ही त्याला तिथून उचलून थेट विषुववृत्तावर नेऊन ठेवलं.

---

अथणी_दूधवाला | बुधवार, सकाळी ६.४५

संकलन आटोपून आलो. धाग्याला जरा फाटा फोडतो, माफी असावी. आमच्या दूध संस्थेच्या जुन्या सभासदांच्या फाईली आहेत, जीडब्ल्यू-बेसिकमधल्या. फ्रीबेसिकमध्ये उघडल्या तर सगळे आकडे वेडेवाकडे. बहुतेक तर शून्यच दिसतात. हे पण सिंगल-डबलचंच लफडं काय?

---

निपाणी_आज्जा | बुधवार, सकाळी ७.२०

नाही बाबा, हे वेगळं घराणं. जीडब्ल्यू-बेसिकच्या वेळी मायक्रोसॉफ्टची स्वतःची पद्धत होती. घाताचा बाइट शेवटी, चिन्हाची जागा वेगळी. १ हा आकडा तिथं (सोळामान बाइटांत) ००, ००, ००, ८१ असा ठेवतात. आयईईई मध्ये तोच ००, ००, ८०, ३एफ. तुझा १ आयईईई समजून वाचला तर ऋण २.३५, गुणिले दहाचा उणे ३८ वा घात. छापताना शून्यासारखाच दिसणार.

क्विकबेसिक ४.० पासून, १९८७ मध्ये, त्यांनी आयईईई घेतलं. जुन्या फाईलींसाठी सीव्हीएसएमबीएफ आणि सीव्हीडीएमबीएफ ही फंक्शनं ठेवली. क्विकबेसिक ४.५ मध्ये एक छोटा प्रोग्राम लिही, त्यानं वाच, साध्या मजकुराच्या फाईलीत छाप. मग ती कुठंही ने.

एक गंमत सांगून जातो. त्या जुन्या पद्धतीच्या डबलचा गाभा ५६ बिटांचा होता, आयईईई डबलचा ५३. म्हणजे आकड्यांच्या बाबतीत जुनी पद्धत तीन बिटांनी सरस. फक्त झेप लहान, दहाच्या ३८ व्या घातापर्यंतच. दुधाला त्याहून जास्त लागत नाही.

---

अथणी_दूधवाला | बुधवार, सकाळी ७.३५

आज्जा, पुढच्या वेळी निपाणीला आलो की तूप घेऊन येतो.

---

लेथवाला_उद्यमबाग | बुधवार, दुपारी १.२०

ऑपरेटरला चहा पाजला. माफीच्या ऐवजी तोच. तो म्हणाला, "मी तेव्हाच सांगितलो होतो, एक पास कमी पडूलालाय." सांगितला होता खरा.

एक शंका. मी इंटरनेटवर वाचून "-ओ ३" आणि जीसीसीला "फास्ट-मॅथ" लावलं. खरंच वेगात फरक दिसला. ठेवू?

---

चंदगडी_काजू | बुधवार, दुपारी ३.००

"-ओ ३" ठेवा. "फास्ट-मॅथ" काढा, निदान जिथं पीस परत येतो तिथं तरी.

तो जीसीसीला सांगतो की बेरजा कशाही क्रमानं लावल्या तरी चालतील. शाळेतल्या गणितात ते खरं. इथं नाही. कहान यांची एक बेरजेची युक्ती आहे, १९६५ ची. प्रत्येक बेरजेत खाली जे सांडतं ते दुसऱ्या चलात धरून ठेवायचं आणि पुढच्या आकड्यात घालायचं. सांडलेलं मोजायचं कसं? (बेरीज उणे जुनी बेरीज) उणे नवा आकडा. कागदावर हे शून्यच येतं. "फास्ट-मॅथ" ला ते कागदावरचं दिसतं. तो म्हणतो शून्य आहे, कशाला करायचं, आणि ती ओळच उडवतो. तुम्ही मांजरीसाठी बशी ठेवली आणि त्यानं ती रिकामी आहे म्हणून उचलून घासून ठेवली.

ड्रोनच्या लाखो उंच्यांची बेरीज सिंगलमध्येच करायची असेल तर ही युक्ती उपयोगी. पण डबल बेरजेचा चल ठेवणं सोपं, आणि एकाच चलाच्या मेमरीनं काही बिघडत नाही.

आणि एक्स८७ वाल्यांना शेवटचं: दोन अपूर्णांकांची तुलना = नं करू नका. एक बाजू आत ८० बिटी असते, दुसरी बाहेर जाऊन कापून आलेली. तोच आकडा स्वतःशी जुळत नाही. जीसीसीच्या चुकांच्या यादीत ३२३ क्रमांकाची तक्रार हीच, वर्षानुवर्षं लोक ती नव्यानं नोंदवत आले.

---

मलप्रभा_काठ | गुरुवार, रात्री ९.००

झालं! खुंट्या डबलमध्ये वाचल्या, पहिली वजा केली, बाकी मामांचं सूत्र जसंच्या तसं. ६४ बिटावर ३६००. तिसरी खुंटी सरकवली, ३६६०. कुंदा_प्रेमींचे आठ एकर गेले.

आज्जांनी सांगितलं म्हणून जुनी ३२ बिटी कामं परत चालवायला घेतली. फरक निघतोय, पण पोटात गोळा यावा असा नाही. कुठं दोन चौरस मीटर, एका ठिकाणी जवळपास पाच.

पण एक अजून सुटत नाही. एका शेताची नोंद उताऱ्यावर आहे ८ एकर २० गुंठे. माझ्या यादीत ती छापून येते ८ एकर १९ गुंठे. यात खुंट्याच नाहीत, मोजणी नाही. नुसता नोंदीचा आकडा वाचून परत छापतोय. चल डबलच आहे. गुंठा गेला कुठं?

---

जमाखर्च | गुरुवार, रात्री ९.२५

फाईलीत आकडा कसा लिहिलाय? "८.२०" असा?

---

मलप्रभा_काठ | गुरुवार, रात्री ९.३०

हो. ८.२० वाचतो. इंट नं ८ काढतो. ८ वजा करतो, शंभरानं गुणतो, परत इंट. ते गुंठे.

---

जमाखर्च | गुरुवार, रात्री ९.४०

सापडला तुमचा गुंठा. ८.२ डबलमध्ये पुरा बसत नाही, किंचित कमी बसतो. ८ वजा केले की ०.१९९९९९९९९९९९९९९३ उरतात. शंभरानं गुणलं, १९.९९ आणि पुढं नऊच नऊ. इंट खाली कापतो. १९.

जवळच्या पूर्णांकावर नेणारं सीइंट लावलंत तर २० येईल. पण माझं ऐका, ते टिंबच काढा. एकराचे गुंठे चाळीस असतात, शंभर नव्हे. ८.२० हा दशांश अपूर्णांकच नाही, ते दोन वेगळे आकडे आहेत, मध्ये टिंब दिलंय इतकंच. महाराष्ट्राच्या बाजूला हेक्टर-आर असतं, तिथं शंभर आरचा हेक्टर, तिथं टिंब खपून जातं. आपल्या बाजूला एकर-गुंठे. असली दोन यादी कुणी एकत्र केली तर देवच तारो.

---

चंदगडी_काजू | गुरुवार, रात्री ९.५५

मी महाराष्ट्राच्या बाजूचा, तरी जमाखर्चांशी शंभर टक्के सहमत. दोन पूर्णांक ठेवा.

---

मलप्रभा_काठ | शुक्रवार, रात्री ८.१०

काल रात्रीच मामांकडं गेलो. त्यांची जुनी नोंदवही काढली, ती लाल कापडाच्या बांधणीची. प्रत्येक शेत "८-२०" असं लिहिलंय. मध्ये आडवी रेघ. सगळीकडं, पहिल्या पानापासून. त्यांच्या क्विकबेसिक प्रोग्राममध्येही दोन वेगळे चल निघाले, एकर% आणि गुंठे%.

टिंब मी दिलं होतं. एक्सेलमध्ये टाकताना रेघेची तारीख व्हायची म्हणून.

मामांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, वही मिटली आणि म्हणाले, "म्हणजे मशीन नव्हे, भाच्यानं कोरला."

आता नव्या फाईलीत दोन रकाने केलेत. उरलेल्या नोंदी तपासूलालोय. अजून दोन शेतांचा एकेक गुंठा सापडला. दोन्ही आमच्याच भावकीतली.

---

कुंदा_प्रेमी | शुक्रवार, रात्री ८.१५

भावकीतली? मग आठ एकरच बरे होते.